कोपरातला जास्तीचा टाका

सकाळी सव्वाआठला त्या घरात जॅमच्या बरणीवरून जुंपली होती.

"आई, द्या इकडे, मी उघडते."

"उघडतंय गं. दम धर."

"दम धरून झाकण उघडत नाही, जोर लावून उघडतं."

"नुसत्या जोराचं काय घेऊन बसलीस? झाकण फिरतं ते कोपरामुळे. तिथं अंगठ्याकडचं हाड जागच्या जागी गिरकी घेतं, मग त्याच्यामागून पंजा..."

"पंजा राहू द्या, दूध गेलं!"

सून शेगडीकडे धावली. सासूबाई बरणी पोटाशी धरून तशाच बसून राहिल्या. झाकण काही फिरलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगट संपतं तिथं, घोड्यावर खोगीर टाकावं तशी दोन हाडं एकमेकांवर बसलेली असतात, आणि सासूबाईंचं ते खोगीर गेली तीन वर्षं झिजत चाललं होतं. दवाखान्यात जाण्याआधीच त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "माझं खोगीर गेलं." मुलाने गोंधळून विचारलं होतं, "होतं कधी आपल्याकडे?"

या सासूबाईंना घराबाहेर सगळे सांधेमावशी म्हणत. वय अडुसष्ट, ठेंगणा बांधा, नाकावर घसरलेला चष्मा आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे खांदे बघायची सवय. चौतीस वर्षं त्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात होत्या. हुद्दा मदतनिसाचा. काम मात्र असं, की ते कुठल्याही हजेरीपटावर लिहिलेलं सापडलं नसतं. त्या हाडाला हाड बांधायच्या.

दारावर थाप पडली. बेल आठवडाभर बंद होती आणि "आज बघतो" असं म्हणून मुलगा रोज कामाला निघून जायचा. सुनेने हात पुसत दार उघडलं. बाहेर एक पन्नाशीला आलेली बाई उभी होती, केस अर्धे पांढरे, जिना चढून धाप लागलेली, आणि काखेत पुठ्ठ्याचं लांबलचक खोकं, सुतळीने तीन ठिकाणी बांधलेलं.

"मावशी आहेत? मावशी, ओळखलंत का?"

"ओळखायचं काय त्यात? डावा खांदा अजून पाडूनच चालतेस." मावशींनी जीभ चावली. "चालता. डॉक्टरीणबाई आता तुम्ही, विभागाच्या प्रमुख."

"चालतेसच बरं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवून सुतळी सोडू लागल्या. तीस वर्षांपूर्वी त्या मावशींच्या समोरच्या बाकावर बसून शिकल्या होत्या.

सून चहाचा कप घेऊन पुढे आली. खोक्यात पडद्याची दांडी असेल असं तिला वाटलं होतं. झाकण निघालं, वरचा कापूस बाजूला झाला आणि तिच्या हातातला कप बशीवर वाजला.

आत एक हात होता. नुसत्या हाडांचा, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा. हाडांच्या सांध्यांवरून पांढऱ्या सुती पट्ट्या, चामड्याचे तुकडे, बारीक दोरे गेलेले. झोपलेल्या माणसाने अंगाखालून काढून बाजूला टाकावा तसा तो कापसात पडला होता.

"हे... खरं आहे?"

"हाडं खरी," मावशी म्हणाल्या. "बाकी सगळं माझं."

त्यांचा आवाज बदलला होता. सून नऊ वर्षं या घरात होती, पण हा आवाज तिने ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी काय काय बिघडलंय ते दाखवलं. गळ्याखालचं आडवं हाड सुटून आलं होतं. मनगटावरची पट्टी कुजली होती. दोन बोटं लोंबत होती. सोमवारी मुलांची परीक्षा, आणि आज गुरुवार.

"प्लास्टिकचे हात आलेत ना आता? चकचकीत?" मावशींनी विचारलं.

"आलेत. पण त्यांचे सांधे खिळ्यांवर फिरतात. बंध नुसते रंगवलेले. काय ओढतं, काय अडवतं, ते मुलांच्या हाताला कळत नाही. तुमच्या हाताने कळतं. तेवढा एक कोपराचा ताठरपणा निघाला तर बघा. पंजा पालथा होतो, पण उताणा करायला गेलं की अर्ध्यावरच अडतो. आतली बांधायची नाडी जुनी होऊन आखडली असेल."

"असेल," मावशी म्हणाल्या.

"मागच्या वर्षी त्यावरून तमाशा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीच्या हातात हाच हात दिला आणि म्हणाले, उताणा करून दाखव. होईना. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. ती म्हणाली, सर, हा इथपर्यंतच फिरतो. त्यांनी तिला नापास केलं. स्वतःचा हात फिरवून बघितला असता तर कळलं असतं, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा हात कुठे आठवतो? जिन्यात बसून रडली बिचारी." डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. "बसली यंदा परत. चला, येते मी. रविवारी दुपारी न्यायला येईन."

त्या गेल्या. मावशींचा चहा तसाच राहिला.

"हे टेबलावरून हलवायचं कधी?" सुनेने विचारलं.

"रविवारी."

"आणि जेवायचं कुठे?"

"त्याला काही भूक नाही. एका बाजूला पडून राहील."

संध्याकाळी मुलगा घरी आला, टेबलाकडे बघत बूट काढले आणि म्हणाला, "आज जेवायला कोण आहे?" सून हसली. त्याची आई हसली नाही. तिने हातावर एक धुतलेलं फडकं पांघरलं, बोटांपर्यंत नीट, आणि म्हणाली, "हळू बोला."

शुक्रवारी सकाळी काम सुरू झालं. कपाटाच्या तळातून मावशींचा डबा निघाला. त्यात मेण लावलेला दोरा, जाड सुया, अंगुस्तान, टोचा, छोटी पकड, हातमोज्यांचं जुनं चामडं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि सुती पट्ट्यांच्या गुंडाळ्या. सुनेने लांबूनच बघायचं ठरवलं होतं. पहिलीच सुई मावशींच्या अंगठ्यातून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेली, आणि ती शोधायला सून वाकली. वर आली तेव्हा सुई तिच्याच हातात होती. तिथून पुढे ती तिच्याच हातात राहिली.

"मी हाडांना हात लावणार नाही हं, आधीच सांगते."

"नको लावूस. तू फक्त सुई ओढ. ती पकड घे, आणि सरळ ओढ, तिरकी नको."

अर्ध्या तासाने ती दंडाचं हाड मांडीवर घेऊन बसली होती.

मावशी सांगत होत्या, सून शिवत होती. गळ्याखालचं आडवं हाड आधी. छातीच्या हाडाच्या जागी तिथं लाकडाचा ठोकळा होता. "इथं आवळून घे. अख्खा हात धडाला हाडाशी हाड जोडलेला असतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. गळ्याच्या खळीशेजारी. बोट लावून बघ स्वतःला. लागलं? आता खांदा उडव. हललं ना? बाकीचा हात नुसता मांसाच्या भरवशावर टांगलेला आहे."

सुनेने खांदा उडवला. स्वतःच्या अंगात असं काही चालू असतं याचा तिला कधी पत्ता नव्हता.

"आणि हे पाठीवरचं, फावड्यासारखं?"

"ते आडव्या हाडाला खालून टांगलंय. या दोन पट्ट्या. बाजारातून पिशवी घेऊन येतेस ना, तेव्हा ते सगळं ओझं या दोन बोटभर पट्ट्यांवर असतं."

"मला वाटायचं माझ्यावर असतं."

"ते असतंच."

बोटांपाशी आल्यावर मावशींनी तिला मूठ वळायला लावली. "आता मुठीतली बोटं फाकव." फाकेनात. "हात सरळ कर, आता फाकव." फाकली. "बाजूचे बंध मूठ वळली की ताणतात, हात उघडला की सैल पडतात. म्हणून इथं पट्टी शिवताना बोट वाकवून शिवायचं. सरळ बोटावर घट्ट शिवलीस तर मूठ वळायचीच नाही."

सून बराच वेळ मूठ वळत आणि उघडत बसली. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरून सरकत सरकत हाडांच्या मनगटापर्यंत आलं होतं.

"तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

मग तीही गोष्ट निघाली. लग्नाआधी मावशी एका शिंप्याकडे बाह्या बसवायच्या. फक्त बाह्या. तो म्हणायचा, कापड कोणीही कापतं, मुंढ्यात बाही बसवणं म्हणजे काम. मुंढा आवळला तर माणसाचा हात वर होत नाही, सैल सोडला तर बाही ओघळते. लग्न झालं, गाव बदललं, कॉलेजात झाडपुशीची नोकरी मिळाली. तिथल्या मोठ्या सरांचा पांढरा कोट मुंढ्यात उसवला होता तो त्यांनी घरी नेऊन शिवून आणला. दुसऱ्या दिवशी सर फळ्याच्या वरच्या टोकाला काहीतरी लिहायला गेले आणि लिहायचं सोडून तीनदा हात वरखाली करून बघत राहिले. अख्खा वर्ग बघतोय.

"कुणी शिवलं हे?"

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला वाटलं, गेली नोकरी.

"बाही बसवता येते, तर हातही बसवता येईल," सर म्हणाले, आणि दुपारी त्यांनी हाडांनी भरलेला ट्रे तिच्यासमोर ठेवला. देहदान करून कोणीतरी मागे देऊन गेलेला एक हात. सोबत पुस्तकातली चित्रं. नावं लांबलचक होती, ती तिला पाठ झाली नाहीत. तिने आपली नावं ठेवली. पंखा, कडं, खोगीर, नावाडी. सरांना ती नावं इतकी आवडली की पुढे पोरंही परीक्षेत चुकून तीच लिहून यायची.

"आणि हाच तो हात?"

"हाच. पहिला. बेचाळीस वर्षं झाली."

शनिवारी दुपारपर्यंत मनगट झालं, बोटं झाली. जेवणं उरकली होती. गल्लीतले आवाज थकून खाली बसले होते, नळाचा एक थेंब तेवढा मधूनमधून बोलत होता. मावशी आरामखुर्चीत मागे टेकल्या. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांना टेबलावरचं फडकं चादरीसारखं दिसत होतं, आणि चादरीखालून बाहेर आलेला हात, अंगठा छताकडे, बोटं जराशी वळलेली. खोलीत पावाचा वास भरून आला. ताज्या, नुकत्या भट्टीतून काढलेल्या पावाचा. घरात तर कालचाच पाव होता, तोही डब्यात. पण वास आला, आणि मावशींनी तो थांबवला नाही. तो आला की त्या त्याला बसू देत असत.

"आई."

"हं."

"आई, झोपलात का? इथे कोपराला एक टाका जास्त आहे."

वास गेला.

सून हात उन्हाकडे धरून वाकून बघत होती. नऊ वर्षं तांदूळ निवडलेले डोळे. "हे बघा. तुम्ही म्हणालात, अंगठ्याकडच्या हाडाचं डोकं या कड्यात बसतं आणि कड्यात फिरतं. कडं शेजारच्या हाडाला बांधलेलं, याला नाही. बरोबर? आणि ही दंडावरून खाली येणारी पट्टी कड्यावर थांबायला हवी. पण इथं कड्याखालून एक दोरा आत गेलाय, थेट हाडात. म्हणून हे अडतंय. नाडी ताठ झालेली नाही. कोणीतरी शिवून टाकलंय."

मावशी खुर्चीत सरळ बसल्या.

"कोणी केला असेल हा गाढवपणा?"

"मी."

सून वळून बघू लागली.

"चुकून?"

"आधी चुकून," मावशी म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. चष्मा नसला की त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उघडा दिसे. "तुझे सासरे तू पाहिले नाहीस. भट्टीवर पाव करायचे. रात्रभर काम, सकाळी यायचे ते अंगाला पिठाचा वास घेऊन, आणि दिवसभर झोपायचे. मी दुपारी कॉलेजातून यायची तेव्हा ते गाढ झोपलेले असायचे, आणि उजवा हात असा पलंगाच्या कडेला. लग्नाला सहा महिने झाले होते. आमचं बोलणं फार होत नव्हतं गं. मी आले की ते झोपलेले, ते उठले की मी स्वयंपाकात. पण हात ओळखीचा झाला होता."

थेंब दोनदा पडला.

"सरांनी सांगितलं होतं, हाडं पुरुषाची आहेत. आणि मला पुरुषाचा हात माहीत होता तो एकच. मग मी काय करायची, पट्टी कॉलेजात शिवायची आणि दुपारी घरी येऊन या झोपलेल्या हातावर ताडून बघायची. बोटांनी चाचपून, हळूच फिरवून. कुठे ओढतं, कुठे सुटतं. त्यांना जाग यायची नाही. एकदा आली, तर डोळे न उघडताच म्हणाले, माप घेतेस का? किती बाही लागेल?"

सुनेला हसू फुटलं.

"कोपर मी आधी बरोबर शिवलं होतं. सर म्हणाले तसंच, कड्यावर थांबून. पण हाडांचा पंजा पार उताणा व्हायचा, आणि घरचा व्हायचा नाही. घरचा इथपर्यंत यायचा, अंगठा वर करून थांबायचा. मला वाटलं, माझंच शिवण सैल झालंय. म्हणून एक टाका जास्त घातला. मग दोन्ही अगदी सारखे थांबायला लागले. इतका आनंद झाला मला त्या दिवशी."

"अहो पण, तुमचा स्वतःचा हात?"

"माझा बाईचा. मला वाटलं, आमचे सांधे सैल असतील. सर म्हणाले, जरा ताठ झालाय, वापरून सुटेल. नाही सुटला. सगळ्यांना सवय झाली."

"मग कळलं कधी?"

"दोन वर्षांनी. सर वर्गात म्हणाले, सगळ्यांनी हात पुढे करा, आता उताणे करा. साठ पोरांनी एकदम तळवे वर केले. साठच्या साठ, गं. एका क्षणात सगळा वर्ग असा उजळल्यासारखा झाला. मी दाराशी उभी, आणि मला घरचा हात आठवला. घरी येऊन त्यांना उठवलं आणि म्हटलं, हात उताणा करा. ते म्हणाले, होत नाही. नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो, दोन्ही हाडं मोडली, वेडीवाकडी जुळली. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? म्हणाले, तू विचारलं नाहीस. आणि वर विनोद. बरंच आहे की, म्हणाले, मला कुणापुढे हात पसरताच येत नाही."

ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं.

"तेव्हाच का नाही उसवला?"

"आधी लाज वाटली. सरांना काय सांगू? झोपलेल्या नवऱ्यावरून माप घेतलं म्हणून? मग सर निवृत्त झाले. आणि मग..." त्यांनी चष्मा उचलला, परत ठेवला. "तुझे सासरे गेले त्यानंतर चौथ्या दिवशी मी कामावर गेले. घरात बसवेना. कपाट उघडलं, हात पुसायला काढला, सहज म्हणून पंजा फिरवला. थांबला. बरोबर तिथंच थांबला. जगात कुठेही आता तो हात तसा थांबणार नव्हता, फक्त तिथं थांबत होता. मग मी काय उसवणार? निवृत्त होईपर्यंत रोज पुसायची मी तो. कपाटातली बाकीची हाडं धुळीने भरली, पण तो हात कधी मळला नाही."

सुनेने फडकं ओढून हातावर नीट केलं, जसं परवा सासूबाईंनी केलं होतं.

"राहू द्या आई," ती हलकेच म्हणाली. "मी काही बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगू, नाडी जुनी आहे, सुटत नाही. पोरांना काय, प्लास्टिकचे आहेत की."

मावशींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते कळलं नाही. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावरून माणसं येत-जात होती. एकजण हात हलवत भांडत होता, एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, कोणीतरी पलीकडच्या खिडकीत हात बाहेर काढून हवेचा अंदाज घेत होतं. सगळ्यांचे खांदे, कोपरं, मनगटं, जणू एकाच हाताने केव्हातरी बसून शिवलेली, आणि शिवणारी व्यक्ती कामात इतकी तरबेज की टाका कुठे दिसत नाही. मावशींना वाटलं, आपण असंच बघत बसलो तर संध्याकाळ होईल, रविवार होईल, खोकं परत जाईल, आणि कोणी काही विचारणार नाही. किती सोपं होतं.

"ती जिन्यात बसली होती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ती पोरगी. तिला वाटलं आपलंच चुकलं. चूक माझी होती आणि रडली ती."

त्या परत आल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या. चष्मा लावला. सुनेने न सांगता कात्री पुढे केली.

"कात्री नको. अंगठा साथ देत नाही. ते ब्लेड दे."

"मी करू का?"

"नको गं. हा माझा मला करू दे. तू फक्त कडं धर, दोरा वर येऊ दे."

सुनेने कडं दोन नखांत धरलं. आतला दोरा वर आला, मेणाने काळपट झालेला, पण ताठ. कोणतं शिवण बेचाळीस वर्षं टिकतं? मावशींनी डाव्या हाताने हाडांचा पंजा आपल्या पंजात घेतला, दुकानात, रस्त्यात, दवाखान्याच्या बाकावर कितीतरी वेळा नवऱ्याचा घेतला असेल तसा. ब्लेड लावलं. लगेच कापलं नाही. ओठ हलले, काय म्हणाल्या ते सुनेला ऐकू आलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

टक् असा अगदी बारीक आवाज झाला.

मावशींनी पकड सैल केली. पंजा थोडा वेळ होता तसाच राहिला, अंगठा वर, सवयीने. मग आपल्याच वजनाने हळूहळू कलंडला, बाहेरच्या बाजूला, एखादं माणूस झोपेत कूस बदलतं तसा, आणि टेबलावर पूर्ण उताणा पडला. बोटं उघडी, तळवा वर. इतकी वर्षं सावलीत राहिलेली तळव्याची हाडं फिकट होती.

"किती सुंदर आहे," सून म्हणाली, आणि आपण हे हाडांबद्दल म्हणतोय हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी पंजा परत अंगठा वर करून ठेवला. तो कलंडला. परत ठेवला. परत कलंडला. तिसऱ्यांदा सुनेने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आई, चहा टाकू?"

"टाक," मावशी म्हणाल्या. "साखर जरा जास्त घाल."

रविवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हात फडक्याखाली तयार होता. त्यांनी उभ्याउभ्याच सगळे सांधे तपासले. खांदा वर, खांदा मागे. कोपर वाकवलं, सरळ केलं. मूठ वळली, बोटं फाकवली. मग पंजा पालथा केला आणि सावकाश उताणा केला. तो गेला. कुठेही न अडता शेवटपर्यंत गेला.

"मावशी! नाडी बदललीत?"

"नाही. नाडी चांगली होती. टाका चुकीचा होता. माझा. कड्यावर थांबायचं सोडून मी हाडाला शिवलं होतं, आणि मला ते चाळीस वर्षं माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. सून खोक्यात कापूस नीट करत होती, मान वर न करता.

"त्या पोरीला सांगा," मावशी म्हणाल्या. "नाव घेऊन सांगा माझं. म्हणावं, तू बरोबर सांगितलं होतंस, तो इथपर्यंतच फिरत होता. चूक बांधणाऱ्या बाईची होती."

"सांगते." डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. काही क्षण त्या विभागाच्या प्रमुख राहिल्या नाहीत, समोरच्या बाकावरची एक डावा खांदा पाडून बसणारी मुलगी झाल्या. "का म्हणून विचारू का?"

"घरच्या एका हातावरून माप घेतलं होतं. तो हात तसा होता."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर एक फोटो होता, पांढऱ्या टोपीतला, पिठाने माखलेला एक माणूस, उजवा हात भट्टीच्या दांड्यावर, अंगठा वर. त्या फोटोकडे बघत राहिल्या, आणि मग तिथला हात त्यांना दिसला असावा, कारण मावशींकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"मावशी, चौतीस वर्षांत तुम्ही विभागाकडे कधी काही मागितलं नाहीत. सुई-दोरासुद्धा घरून आणायचात. तुम्हाला काय देऊ, सांगा. काहीही."

"काही नको."

"आई," सून मागून म्हणाली, "सांगा ना."

मावशींनी हाताकडे बघितलं. हळूच त्याचं मनगट उचललं, पंजा अर्धा वळवला, आणि खोक्याच्या कापसाची एक बाजू त्याला टेकू म्हणून सारली. आता तो पडेना.

"शिकवून झालं की हा कपाटात ठेवताना असा ठेवत जा," त्या म्हणाल्या. "अंगठा वर करून. बाजूला थोडा कापूस लावला की राहतो."